सांधेदुखीवर आयुर्वेदिक उपचार: आधी काय, नंतर काय, आणि काय मुळीच नाही

सांधे धरले की आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती तेल चोळण्याची. करडईचं असो, तिळाचं असो की मेडिकलमधून आणलेलं असो, कोमट करून रोज रात्री चोळायचं. काहींचे गुडघे त्यानं हलके होतात. पण काहींची सूज महिन्याभरात वाढते, सकाळी मूठ वळेनाशी होते आणि मग "आयुर्वेदानं काही होत नाही" म्हणून सगळंच सोडून दिलं जातं. चूक तेलाची नसते, क्रमाची असते. एका प्रकारच्या सांधेदुखीत तेल हा पहिला उपचार आहे, तर दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला तेलाला हातही लावायचा नसतो. गावात मात्र दोन्हींना एकच नाव आहे: "वात".

नांदेडपासून बीडपर्यंत त्याच त्या चुका पाहायला मिळतात, म्हणून हा क्रम सविस्तर लिहिला आहे. हा वाचून घरच्या घरी औषध ठरवू नका. वैद्यांकडे जाताना काय तयारी करायची, घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं, एवढ्यासाठी तो आहे.

सुरू करण्याआधी: हे असेल तर पुढचं वाचत बसू नका

एकच सांधा अचानक सुजून लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. एका दिवसाच्या उशिरानंही सांधा कायमचा खराब होऊ शकतो.

लेकराचा घसा दुखून गेला आणि दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा, उद्या घोटा अशी फिरती सूज आली, तर हृदयाची तपासणी लागते. संध्याकाळी ताप, वजन कमी होणं आणि एकाच सांध्याची महिनोन्‌महिने सूज असेल, तर क्षयरोग नाही ना हे आधी पाहायचं. सांधेदुखीसोबत डोळा लाल होऊन दुखत असेल, तर तेही लांबणीवर टाकू नका.

१. आपला 'वात' कोणता ते आधी ओळखा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे.

*संधिगत वात*, म्हणजे सांध्यांची झीज. बहुधा पन्नाशीच्या पुढे होते. गुडघे आधी धरतात. चाललं, जिना चढला, उकिडवं बसून उठलं की दुखतं आणि बसलं की बरं वाटतं. गुडघ्यावर हात ठेवून पाय हलवला तर कटकट जाणवते. सकाळी आखडल्यासारखं होतं, पण पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मोकळं होतं. भूक चांगली असते, ताप नसतो.

*आमवात*. हा वेगळाच आजार आहे. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, घोटे, पायाची बोटं असे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त राहतो. अंग जड, भूक मेलेली, तोंडाला चव नाही, कधी बारीक ताप. विश्रांतीनं दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं. तिशी-चाळिशीतल्या बायकांमध्ये हा बराच दिसतो, आणि घरचे "कामाचा ताण" म्हणून सोडून देतात. आधुनिक वैद्यक ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतं, त्याचं चित्र याच्याशी बरंचसं जुळतं.

*वातरक्त*. रात्री अचानक पायाचा अंगठा लालभडक होतो, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, आणि आठ-दहा दिवसांत दुखणं आपोआप उतरतं. हे बरेचदा युरिक ॲसिडचं दुखणं असतं. त्यावर शेक देऊ नका.

याशिवाय आपल्या भागात दोन गोष्टी विचारायलाच हव्यात. पहिली चिकुनगुनिया. ताप उतरल्यावरही त्याची सांधेदुखी कित्येक महिने राहते आणि ती आमवातासारखीच दिसते. म्हणून मागच्या सहा-आठ महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला होता का, हे आठवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलीग्रॅम ही शेवटची मर्यादा. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्यावर मान, कंबर, गुडघे आखडतात. गावातल्या अनेकांना सारखाच त्रास असेल आणि तिथेच वाढलेल्या लेकरांच्या दातांवर तपकिरी डाग असतील, तर औषधाआधी पाणी तपासून घ्या. जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट ते आटून दाट होतं. पाणी बदलल्याशिवाय कोणतंही तेल किंवा गुग्गुळ कामाचा नाही.

*पडताळा:* सकाळी उठल्यावर घड्याळ पाहा. बोटं किंवा गुडघे मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, हे सलग सात दिवस कागदावर लिहा. नुसती "लई दुखतंय" ही तक्रार घेऊन जाण्यापेक्षा हा कागद वैद्यांना कितीतरी जास्त सांगतो.

२. तपासण्या करून कागद एकत्र ठेवा

आयुर्वेदिक उपचार घ्यायचा तर रक्त तपासायचं कशाला, असं अनेक जण विचारतात. औषधानं खरंच फरक पडतो आहे की नुसतं बरं वाटतं आहे, हे तपासणीशिवाय कळत नाही म्हणून.

सुजेच्या सांधेदुखीत साधारणपणे हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, ईएसआर व सीआरपी (आतली सूज दाखवणाऱ्या), आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी (आमवात ओळखायला मदत करणाऱ्या), युरिक ॲसिड, आणि सोबत यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या करतात. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढायला सांगा. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातलं अंतर किती कमी झालं आहे ते नीट कळत नाही.

दोन गैरसमज दूर करायला हवेत. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाही, असं होत नाही. आणि धडधाकट माणसातही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. तसंच अंगठा ठणकत असताना युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं, ते दुखणं उतरल्यावर पुन्हा तपासावं लागतं.

सुजलेले सांधे सहा आठवड्यांनंतरही तसेच असतील, तर सांध्यांच्या तज्ज्ञांना किंवा किमान फिजिशियनला एकदा दाखवाच. छत्रपती संभाजीनगरचं घाटी हे शासकीय रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथे ही सोय कमी खर्चात होते. आमवातात हाडाची झीज पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकते आणि वाकडी झालेली बोटं कोणत्याच औषधानं सरळ होत नाहीत.

३. वैद्य निवडा, आणि चालू गोळ्यांची यादी लपवू नका

नोंदणी असलेलेच वैद्य निवडा. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, नसेल तर विचारा. विचारण्यात अपमान कसला? नांदेड आणि धाराशिव इथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. पंचकर्म करून घ्यायचं असेल तर तिथून सुरुवात करणं मला जास्त बरं वाटतं.

जाताना सध्याच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. साखर, बीपी, थायरॉइड, रक्त पातळ करणारी गोळी, मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, सगळ्या. गुग्गुळ, लसूण आणि रक्त पातळ करणारी गोळी एकत्र आली तर रक्तस्राव वाढू शकतो. गुळवेल आजकाल जो तो काढून पितो, पण यकृताचा आजार असलेल्यांनी ती मनानं घेऊ नये.

*इशारा, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी:* आमवातावर डॉक्टर देतात ती ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं. गोळीचा वार घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि आयुर्वेद सुरू केला म्हणून ती परस्पर बंद करू नका. सूज पुन्हा उसळते आणि आधी मिळवलेलं सगळं जातं. कमी करायची असेल तर ज्यांनी ती लिहून दिली त्यांनाच ठरवू द्या.

*इशारा, सुट्या पुड्यांसाठी:* आठवडी बाजारात, स्टँडजवळ किंवा कुणाच्या ओळखीनं मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुडीनं दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला, तर आनंद मानू नका. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. चेहरा गोल होतो, वजन आणि साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पण अशी पुडी कित्येक आठवडे पोटात गेली असेल तर एकदम बंदही करू नका. स्टेरॉइड एकाएकी तोडलं तर चक्कर, उलट्या होऊन माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू उतरवतील.

४. आमवात असेल तर आधी पोट, सांधे नंतर

आयुर्वेदाच्या हिशेबानं इथे भूक मंदावलेली असते. न पचलेला चिकट अंश, म्हणजे आम, सांध्यांत जाऊन अडकतो. त्यावर तेल-तूप घातलं तर जडपणा आणि सूज वाढते. म्हणून आधी हलकं खाणं आणि पचन सुधारणं, मग कोरडा शेक, मग रेच, आणि तेल सगळ्यात शेवटी.

लंघन म्हणजे उपाशी मरणं नव्हे आणि एकादशीचा उपवासही नव्हे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाटा, वर गुळाचा चहा... हा उपवास आमवातात रोजच्या भाकरीपेक्षा जड पडतो. लंघन म्हणजे भूक लागल्यावरच खाणं, रात्री लवकर आणि थोडं खाणं, सुरुवातीचे काही दिवस तांदळाची पातळ पेज किंवा मुगाचं कढण घेणं. साखरेचे रुग्ण, गरोदर बायका, फार अशक्त आणि म्हातारी माणसं यांनी तेही वैद्यांच्या सांगण्याशिवाय करू नये.

आपल्या ताटातलं काय चालतं? ज्वारीची भाकरी चालते. हुलग्याचं माडगं किंवा कढण तर उत्तम. शेवग्याच्या शेंगा, कारलं, पडवळ, दोडका, लसूण, आलं चालतं. लोणी काढलेलं ताजं ताक सुंठ-जिरं लावून दुपारी थोडं घ्या. काय बंद करायचं? दही आधी, म्हणजे धपाट्याबरोबरचंसुद्धा. मग गूळ, उडदाचे वडे-पापड, मासे, मैदा, शिळं अन्न. दुपारची झोपही बंद. हे कायमचं नाही, सूज आणि जडपणा आहे तोवरचं आहे.

पिण्यासाठी एक लिटर पाण्यात पाव चमचा सुंठ पूड घालून पाऊण लिटर होईतो उकळा आणि दिवसभर कोमट प्या. आम्लपित्त, अल्सर किंवा रक्ती मूळव्याध असेल तर सुंठ नको, नुसतं गरम पाणी घ्या. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याचा पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा सुंठीचं प्रमाण निम्मं करा, आणि तहान लागेल तितकं साधं पाणी प्या.

*पडताळा:* आठ-पंधरा दिवसांत वेळेवर भूक लागते का, जीभ स्वच्छ दिसते का, अंग हलकं वाटतं का? ही तीन उत्तरं 'हो' आली तरच पुढे जा. सांधे अजून दुखत असले तरी चालेल.

५. वाळूचा शेक, घरी करता येण्यासारखा

आमवातातला हा साधा उपचार जवळजवळ प्रत्येक जण कुठेतरी चुकवतो, म्हणून बारकाईनं लिहितो.

वाळू नदीची, मध्यम दाण्याची घ्या. बांधकामाच्या ढिगातली सिमेंट लागलेली नको. चाळून खडे काढा, तीन-चार पाण्यांनी धुऊन उन्हात कडक वाळवा. ओल राहिली तर वाफ निघते आणि कातडी भाजते. जुन्या सुती धोतराचं दुहेरी कापड घेऊन मूठभर वाळूच्या दोन पुरचुंड्या मावतील असे तुकडे करा. नायलॉन किंवा टेरिकॉट वापरू नका, ते वितळतं.

लोखंडी कढईत वाळू कोरडीच तापवा, मग कापडात बांधा. सांध्याला लावण्याआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे सोसली तरच लावा. एका जागी ठेवून देऊ नका, सांध्याभोवती हलवत राहा. एक गार झाली की दुसरी घ्या. एका सांध्याला दहा मिनिटं पुरे, दिवसातून एकदा किंवा दोनदा. शेकाआधी तेल लावायचं नाही. शेक झाल्यावर सांधा फडक्यानं झाका, आणि अर्धा तास पंख्याखाली किंवा कूलरसमोर बसू नका.

*इशारा:* हाताच्या पाठीला सांधा तापलेला लागतो किंवा लाल दिसतो, तेव्हा शेक देऊ नका. साखरेमुळे पाय बधिर झाले असतील तर पायांना शेक मुळीच नको. भाजल्याचं कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

६. पोटातली औषधं

इथे थोडक्यातच लिहितो, कारण मात्रा वैद्यांनीच ठरवायची असते. आमवातात सिंहनाद गुग्गुळ, रास्नासप्तक काढा, अजमोदादी चूर्ण, आणि वातरक्तात कैशोर गुग्गुळ ही नावं तुमच्या चिठ्ठीत दिसतील. गुग्गुळ कोमट पाण्याबरोबर घ्यायचा. अंगावर पुरळ आलं किंवा पोटात जळजळ झाली तर कळवा. गरोदरपणात गुग्गुळ आणि एरंडेल दोन्ही टाळायची.

एरंडेल हे आमवातातलं महत्त्वाचं औषध आहे, पण "पोट साफ तर वात साफ" म्हणून महिनोन्‌महिने रोज रात्री पिणं चूक आहे. अंगातलं पाणी आणि क्षार कमी होऊन पायात गोळे येतात, म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते. किती दिवस घ्यायचं हे चिठ्ठीवर लिहून मागा.

पारा, शिसं यांच्या भस्मांची किंवा वत्सनाभासारख्या विषारी वनस्पतींची औषधं असतील तर डबीवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशी सूचना छापलेली असावी लागते. ती वाचा. ही औषधं शेजारणीच्या चिठ्ठीवरून आणायची नाहीत, आणि ती चालू असताना यकृत-मूत्रपिंडाची तपासणी ठरलेल्या वेळी करायचीच.

७. झिजेच्या गुडघ्यांना तेल, आता बिनधास्त

संधिगत वात असल्याची खात्री झाली असेल, सूज-ताप नसेल, तर तेल लावायला हरकत नाही. तिळाचं साधं तेलही चालतं. वैद्य महानारायण किंवा विषगर्भ तेल देतील. विषगर्भ तेलात नावाप्रमाणे विषारी द्रव्यं असतात, ते फक्त बाहेरून लावायचं, जखमेवर नाही, आणि लेकरांच्या हाती लागू द्यायचं नाही.

तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, थेट गॅसवर नको. जेवल्यावर लगेच नाही. गुडघ्याभोवती गोल आणि मांडी-पोटरीवर लांब हात फिरवत पंधरा मिनिटं हलक्या हातानं जिरवा. जोर लावून रगडल्यानं काही जास्त मिळत नाही. नंतर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं किंवा तेल लावून गरम केलेल्या एरंडाच्या पानानं शेका. रुईची पानं बांधणार असाल तर चीक पूर्ण पुसून घ्या आणि तो हात डोळ्याला लागू देऊ नका. बिब्बा घालणं आणि डाग देणं पूर्ण थांबवा. बिब्ब्यानं कातडी जळून फोड येतात, सांध्याच्या आत काही पोचत नाही.

तेलाइतकाच मांडीच्या स्नायूंचा व्यायाम लागतो, आणि तो जवळजवळ कुणीच करत नाही. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, खाली घ्या. प्रत्येक पायानं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. उकिडवं बसणं, मांडी घालून तासन्‌तास बसणं कमी करा. संडासात खुर्ची ठेवा, भाकरी ओट्याशी उभं राहून करा. वजन जास्त असेल तर पाच किलो उतरल्यावर गुडघ्यांना जो फरक जाणवतो, तो तेलाच्या दहा बाटल्यांनी येत नाही.

८. पंचकर्म: दवाखान्यातच

बस्ती म्हणजे गुदद्वारातून दिलेलं औषध. तिचे दोन प्रकार असतात आणि त्यांचे जेवणाचे नियम उलटे आहेत. तेलाची अनुवासन बस्ती जेवणानंतर, काढ्याची निरूह बस्ती उपाशीपोटी. हे उलटं झालं की पोट बिघडतं. म्हणून आदल्या दिवशीच "उद्या खाऊन येऊ का?" असं विचारा. आठ बस्तींचा क्रम पूर्ण करायचा असतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून वावरात निघून जाऊ नका.

विरेचनाआधी, म्हणजे औषधानं रेच देण्याआधी, तीन ते सात दिवस औषधी तूप प्यावं लागतं. आमवातात ते पचन सुधारल्यावरच देतात, चौथी पायरी पुरी व्हावी हा आग्रह त्यासाठीच आहे. रेच झाल्यावर पहिल्यांदा पेज, मग मऊ भात, मग मुगाचं कढण, असं चढत चढत नेहमीच्या जेवणावर यायचं. दुसऱ्याच दिवशी लग्नाचं जेवण जेवून त्रास झालेले रुग्ण दर हंगामात येतात.

काळ निवडताना बस्तीसाठी पावसाळा आणि विरेचनासाठी त्यानंतरचा शरद ऋतू चांगला मानतात. आपल्याकडे मे महिन्यात रेच आणि घाम काढणं शक्यतो टाळावंच.

९. फरक मोजा

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी या गोष्टी लिहा: सकाळी किती मिनिटं आखडतं, मूठ पूर्ण वळते का, भाकरी थापता येते का, नेहमीची बांगडी हातात चढते का, दुखण्याच्या गोळ्या किती लागल्या. ईएसआर आणि सीआरपी तीन महिन्यांनी पुन्हा करा. दुखणं कमी झालं पण सीआरपी तसाच असेल, तर आतली सूज चालूच आहे असं समजा आणि तज्ज्ञांना पुन्हा दाखवा. आठ आठवड्यांत काहीच हललं नसेल तर तेच औषध पुढे रेटू नका, निदान पुन्हा तपासून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी वैद्यांना तारीख सांगावी. बस्ती, विरेचन तोवर उरकून किमान पंधरा दिवस विश्रांती मिळायला हवी. कारखान्यावर राहून करण्यासारखी औषधंच लिहून घ्या, तिथे काढा उकळत बसायला कुणालाच वेळ नसतो. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर सगळ्या मुक्कामाच्या गोळ्या आणि तपासणीच्या तारखा सोबत न्या. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे मुकादमाला पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.